बढाई, अभिमान आणि मिरवणे : एका ग्रीक क्रियापदाच्या मराठी भाषांतराविषयी

पौलाची पत्रे मराठीतून वाचणाऱ्या अभ्यासकाच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी पाठात, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, श्रद्धावंत माणूस आशेचा आणि संकटांचा ‘अभिमान’ बाळगतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी पौलाला ‘प्रौढी’ मिरवणे भाग पडते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात कोणी ‘आढ्यता’ बाळगू नये असे बजावले जाते. मुळात या तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे : काउखाओमाइ. ग्रीक वाचकाला जेथे एकच कृती तीन प्रसंगी दिसते, तेथे मराठी वाचकाला एक गुण, एक चूक आणि एक दुर्गुण दिसतो. भाषांतरकारांनी हे अडाणीपणाने केले असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक ठिकाणचा शब्द त्या त्या वाक्यात चपखल बसतो, आणि अडचण नेमकी तीच आहे.

हा प्रश्न बायबलपुरता असता तर तो धर्मशास्त्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे झालो असतो. परंतु माणसाने स्वतःविषयी मोठ्याने केलेले विधान या गोष्टीकडे आपली समीक्षा कशी पाहते, हा प्रश्न त्यामागे उभा आहे. आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ असलेल्या शब्दांवर बरेचसे अवलंबून आहे.

आधी क्रियापदाची रूपे पाहू. काउखाओमाइ हे ज्याला ग्रीक वैयाकरण मध्यम प्रयोग म्हणतात त्यातच चालते. त्याला परस्मैपदासारखी रूपे नाहीत. भविष्यकाळी काउखेसोमाइ, भूतकाळी एकाउखेसामेन, पूर्णकाळी केकाउखेमाइ. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात द्वितीय पुरुषी एकवचन काउखासाइ असे येते. अथेन्सच्या जुन्या शिष्ट भाषेत येथे संकोच होऊन आखूड रूप आले असते. उत्तरकालीन बोलभाषेने इतर क्रियापदांच्या धर्तीवर ते पुन्हा लांब करून घेतले. म्हणजे पौल ज्या ग्रीकमध्ये बोलतो ती शाळेची नव्हे, बाजारपेठेची आणि सभास्थानाची ग्रीक आहे. संस्कृतच्या अभ्यासकाला मध्यम प्रयोगाचे नवल वाटू नये. आपल्याकडचे श्लाघ् आणि कत्थ् हे दोन्ही धातू आत्मनेपदीच आहेत. बढाईचे फळ बोलणाऱ्याकडे परत येते, हे दोन्ही भाषांच्या व्याकरणाने जणू आधीच ओळखून ठेवले आहे.

विभक्तीचा विचार त्याहून बोधक आहे. पाणिनीने श्लाघ् धातूसाठी एक स्वतंत्र व्यवस्था लावली. ज्याच्या कानांवर ती श्लाघा जावी अशी इच्छा असते, त्याला संप्रदान मानून चतुर्थी द्यावयाची. म्हणजे श्रोत्यावाचून श्लाघा नाही. ग्रीक क्रियापदाचा कल निराळा आहे. ते श्रोत्यापेक्षा आधाराकडे पाहते. काउखाओमाइसोबत बहुधा ‘एन’ हे शब्दयोगी अव्यय येते, ज्याचा अर्थ आपल्या सप्तमीच्या जवळचा : कशाच्या ठायी, कशावर उभे राहून. क्रियेचे नाम काउखेसिस. त्या क्रियेला जे कारण वा भांडवल पुरवते ते काउखेमा. शब्द स्वतः चांगला नाही, वाईटही नाही. धनावर उभे राहून केलेली काउखेसिस वाईट, देवावर उभे राहून केलेली योग्य. यिर्मयाच्या ग्रंथाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात शहाण्याने शहाणपणाची, बलवानाने बळाची आणि श्रीमंताने श्रीमंतीची फुशारकी मारू नये. मारायचीच तर देवाला ओळखण्याची मारावी, अशी शिकवण येते, आणि निषेध व अनुज्ञा या दोन्हींसाठी क्रियापद हेच आहे. मूळ हिब्रूत तेथे ज्या धातूचे रूप आहे त्याच धातूपासून ‘हालेलुया’ आला. स्तुतीचा धातू आत्मवाचक करून तेथे बढाईचा शब्द घडला आहे.

मराठीत ‘अभिमान’ शब्द घेतला की ‘एन’चे काम षष्ठीकडे जाते : संकटांचा अभिमान. षष्ठी मालकी सांगते. पायाखालची जमीन दाखवत नाही. संकटांत उभे राहून की संकटांविषयी, हा जो संदेह रोमकरांच्या पत्रावरील भाष्यकारांना पडत आला आहे, तो मराठीत उद्भवतच नाही. शिवाय अभिमान बाळगावयाचा असतो, म्हणजे मनात ठेवावयाचा. काउखाओमाइ मनात राहत नाही. ते तोंडाने होते, चारचौघांत होते.

या क्रियापदाचे मूळ कोणते हे निश्चित सांगता येत नाही. त्याच अर्थक्षेत्रातील त्याचा वडीलधारा सोबती एउखोमाइ याचे मात्र गोत्र ठाऊक आहे, आणि ते आपल्याला परके नाही. वेदातील ‘वाघत्’, म्हणजे नवस बोलणारा यजमान अथवा ऋत्विज, आणि लॅटिनमधील नवसाचे क्रियापद हे त्याचे सगोत्र मानले जातात. होमरच्या काव्यात या एकाच क्रियापदाने माणूस देवाची प्रार्थना करतो, नवस बोलतो, शत्रूला पाडल्यावर गर्जना करतो आणि आपण कोणाचे कोण हे सांगतो. इलियडच्या सहाव्या सर्गात ग्लाउकोस दिओमेदेसला आपली वंशावळ ऐकवतो आणि शेवटी या रक्ताचा मी म्हणवतो असे सांगतो, तेथे हेच क्रियापद आहे. त्यात गर्वाचा लेशही नाही. रणभूमीवर दिलेली ती ओळख आहे, आणि ती ऐकून शत्रू भाला जमिनीत रोवतो. प्रार्थना आणि बढाई हे अर्थ एका शब्दात कसे नांदतात या कोड्यावर लिओनार्ड म्युल्नर यांनी १९७६ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. साध्या बोलीत उत्तर द्यायचे तर, हे तिन्ही अर्थ म्हणजे अधिकृतपणे केलेले उच्चारण होय. बोलणारा त्या उच्चारणाला बांधला जातो.

या क्रियापदाची सर्वांत जुनी नोंद काव्यात नाही. ती पिलोस येथील राजवाड्याच्या दप्तरात, इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाटीवर आहे. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी त्या लिपीचा उलगडा केल्यावर ती वाचता आली. एरिथा नावाची पुजारीण एका जमिनीवर देवतेच्या वतीने विशेष हक्क सांगते. गावकी म्हणते की ती जमीन साध्या वहिवाटीची आहे. पुजारिणीच्या म्हणण्यासाठी कारकुनाने वापरलेले क्रियापद आहे एउखोमाइचे. म्हणजे ज्याला आपण पुढे बढाई म्हणू लागलो, तो शब्द प्रथम एका स्त्रीने जमिनीच्या वादात केलेल्या दाव्यासाठी नोंदला गेलेला आढळतो.

येथे दिल्लीकर मराठी माणसाला एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. दक्षिण दिल्लीत लक्ष्मीबाईनगर ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत आहे. जुनी घरे पाडून तेथे बहुमजली इमारती उभारण्याचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले. (शेजारच्या सरोजिनीनगराला पूर्वी विनयनगर म्हणत. विनयाच्या शेजारी लक्ष्मीबाई, हा योगायोग नगररचनाकारांच्या ध्यानात आला होता की नाही कोण जाणे.) ज्या उद्गारामुळे झाशीच्या राणीचे नाव सर्वतोमुखी झाले, तो उद्गार शाळेच्या पाठांत आणि रंगमंचावर आपण रणगर्जना म्हणून ऐकत आलो. परंतु त्याची नोंद जॉन लँग या वकिलाच्या १८५९ मध्ये निघालेल्या ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ या पुस्तकात आहे, आणि प्रसंग आहे १८५४ चा. तेव्हा युद्ध नव्हते. गंगाधरराव १८५३ मध्ये वारले होते, दत्तक दामोदररावाचा वारसा कंपनी सरकारने नाकारला होता, आणि राणीने सल्ल्यासाठी वकील बोलावला होता. झाशी आपली आहे, ती आपण देणार नाही, असे पडद्याआडून तिने सांगितले ते आपल्या कायदेशीर सल्लागाराला. होमरच्या आणि पिलोसच्या अर्थाने हे शुद्ध एउखोमाइ आहे : हक्काचे कथन, प्रतिज्ञा आणि स्वतःची ओळख, तिन्ही एका श्वासात. चार वर्षांनी एप्रिल १८५८ मध्ये तिला रात्री किल्ला सोडून जावे लागले, म्हणून कोणी तो उद्गार पोकळ ठरला असे म्हटले नाही. पोकळ ठरते ती बढाई. दावा हरला तरी दावाच राहतो.

आता अशा उच्चारणाला मराठीत नाव काय? बढाई मारतात, फुशारकी मारतात, शेखी मिरवतात, टेंभा मिरवतात, वल्गना करतात, गमजा करतात. कोश उघडला तर या वर्गात शब्दांची लयलूट आहे, आणि प्रत्येक शब्द आधीच निकाल देऊन बसलेला आहे. हिंदीत ‘बड़ाई’ म्हणजे थोरवी किंवा प्रशंसा. आपल्याकडे बढाई केवळ मारली जाते. ‘प्रौढि’ हा संस्कृतात भरदार पक्वतेचा शब्द. मराठीत त्याला मिरवण्याचा डाग लागला. ‘आढ्य’ म्हणजे संपन्न. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणूस आपण आढ्य व कुलीन असल्याचे बोलून दाखवतो, आणि आपण त्या माणसाच्या तोंडचा शब्द उचलून त्याच्या दोषाचे नाव करून टाकले.

‘अभिमान’ शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. त्याच सोळाव्या अध्यायात तो दंभ आणि दर्प यांच्या पंक्तीला आहे. सांख्यांच्या परिभाषेत अहंकाराची व्याख्याच अभिमान या शब्दाने केलेली आहे. संतांच्या वाणीत देहाभिमान टाकावयाचा असतो. एकोणिसाव्या शतकात देशाभिमान, स्वभाषाभिमान अशा समासांनी त्याला मानाची जागा मिळाली, आणि १८७४ पासून निघू लागलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने ती पक्की केली. आज शाळेतल्या मुलाला अभिमान नसणे हा दोष वाटतो. म्हणजे मराठी बायबलमधील ‘अभिमान’ संतवाङ्मयात मुरलेल्या वाचकाला एक सांगतो आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला दुसरेच. दोघांनाही तो ग्रीक शब्दाचा अर्थ सांगत नाही.

या शब्दसंग्रहामागे एक काव्यशास्त्र उभे आहे. ‘दशरूपका’त धनंजयाने धीरोदात्त नायकाच्या लक्षणांत ‘अविकत्थन’ हे विशेषण घातले : जो स्वतःची श्लाघा करीत नाही असा. विकत्थन हे धीरोद्धताकडे गेले. आपण हे नायकाच्या शीलाचे वर्णन म्हणून शिकवतो. परंतु नायकाला अविकत्थन राहणे परवडते, याचे कारण त्याची बिरुदावली उच्चारायला भाट आणि बंदीजन दाराशी असतात. ज्याच्या दाराशी भाट नाही त्याने काय करावे, हा प्रश्न धनंजयाला पडण्याचे कारण नव्हते.

पौलापुढे तो होता. करिंथ येथील मंडळीत जे दुसरे उपदेशक आले होते, त्यांच्याजवळ शिफारसपत्रे होती. पौलाजवळ नव्हती, आणि त्याची देहयष्टी व वक्तृत्व यांची टवाळी होत होती. तेव्हा त्याला स्वतःविषयी बोलावे लागले. पिंडारने आपल्या नवव्या ऑलिंपियन स्तोत्रात अवेळी केलेली बढाई वेडाच्या सुरात सूर मिळवते असे म्हटले आहे, तेथे हेच क्रियापद आहे. प्लुटार्कने तर लोकांना न दुखवता आत्मस्तुती कशी करावी यावर निबंध लिहिला. पौलाने वेडाचे सोंगच उघडपणे पांघरले आणि यादी सांगितली : पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडफेक, तीनदा गलबत फुटणे. शेवटी, दमास्कसच्या तटावरून आपल्याला पाटीत घालून खाली सोडले, हा प्रसंग. शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्या वीराला रोमन सैन्यात खास मुकुट मिळे. पौल आपण तटावरून उतरल्याचे सांगतो. ही उलटी बिरुदावली आहे, आणि तिचा दंश क्रियापद एकच राहिले तरच जाणवतो. विरोधक ज्या शब्दाने बढाई मारतात, त्याच शब्दाने तो दुबळेपणा पुढे करतो. मराठीत त्यांच्याकडे ‘प्रौढी’ आणि त्याच्याकडे ‘अभिमान’ वाटून दिला की विरोध नाहीसा होतो. उरतो तो एक नम्र सत्पुरुष.

मराठी वाचकाला ही उलटी बिरुदावली समजायला दूर जावे लागत नाही. देवाने आपल्याला कुणबी केले हे बरे झाले, नाहीतर दंभाने मेलो असतो, अशा अर्थाचा तुकारामांचा अभंग सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकी विवरणात तो विनयाचा नमुना ठरतो. मला तो काउखेसिसचा नमुना वाटतो. जे समाजात उणे मानले जाते त्यावर पाय रोवून, ज्यांना विद्येचा अधिकार आहे त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात केलेले ते विधान आहे. तुकारामांजवळही शिफारसपत्र नव्हते. या विधानाला विनय म्हणणे म्हणजे त्यातील श्रोता काढून टाकणे. बढाई म्हणणे तर दूरच राहो. तीच गत ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांची. त्यांच्यातील निवेदनाला वेदना म्हणून जेवढी सहानुभूती मिळाली, तेवढी दखल दावा म्हणून घेतली गेली नाही. वेदना ऐकणाऱ्यावर काहीच बंधन टाकत नाही; दाव्याला होय किंवा नाही म्हणावे लागते.

माझी सूचना साधी आहे. एउखोमाइच्या ‘अमुकाचा म्हणून सांगणे’ या अर्थाला मराठीत ‘म्हणवणे’ हे क्रियापद तयार आहे, आणि नवस, पदवी व गर्जना यांचा मिलाफ ‘ब्रीद’ या शब्दात आहे. ब्रीद उच्चारणारा त्याला बांधला जातो. म्हणून तर संत विठ्ठलाला त्याच्या ब्रीदावरून धारेवर धरू शकतात. काउखाओमाइसाठी ‘मिरवणे’ घ्यावे. पालखी मिरवते, नवरदेव मिरवतो, विद्वत्ताही मिरवली जाते. निकाल क्रियापदात नसतो, काय मिरवले आणि कोठे यावर ठरतो. प्रचलित पाठातील ‘प्रौढी मिरवणे’मध्ये हे क्रियापद आलेलेच आहे. केवळ त्याच्या पुढ्यातील ‘प्रौढी’ काढून घ्यायला हवी.

यावर दोन आक्षेप येतील. मिरवणे हे दाखवणे आहे, बोलणे नव्हे, हा पहिला. तो खरा आहे, पण नाव मिरवणे, बिरुद मिरवणे यांत तोंडाचा भाग असतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘आम्ही संकटे मिरवतो’ हे मराठी कानाला खटकते. दुःखाचे प्रदर्शन मांडल्यासारखे वाटते. मला वाटते, करिंथकरांनाही ते तसेच खटकले असावे. तो खटका भाषांतरकाराने गिळून टाकावयाचा नाही. हिब्रू व ग्रीक या भाषा स्वतः शिकून केडगावला आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिलेल्या पंडिता रमाबाईंची तळमळ, सामान्य बाईला कळेल असे मराठी मिळावे ही होती. ‘मिरवणे’ हा त्या बाईच्या घरातला शब्द आहे. ‘प्रौढी’ तसा नाही.

एक स्थळ मात्र असे आहे की तेथे शब्द निवडण्याआधी अक्षर निवडावे लागते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, प्रीतीवाचून देह अर्पण केला तरी व्यर्थ, असे वाक्य आहे. देह कशासाठी अर्पण केला? मराठीत रूढ झालेला पाठ म्हणतो, जाळण्यासाठी : काउथेसोमाइ. सुमारे इसवी सन २०० चा पपायरस आणि सिनाई, व्हॅटिकन व अलेक्झांड्रिया या नावांनी ओळखली जाणारी जुनी हस्तलिखिते म्हणतात काउखेसोमाइ : मिरवता यावे म्हणून. देवनागरीत फरक ‘थ’ आणि ‘ख’ यांचा. शिवाय जाळण्याचा पाठ देणाऱ्या कित्येक उत्तरकालीन प्रतींत जे रूप येते, ते भविष्यकाळाला संशयार्थ जोडून केलेले आहे. जुन्या ग्रीक व्याकरणाला असे रूप ठाऊक नाही. त्यामुळे आज मान्यता पावलेल्या ग्रीक संहितेत मिरवण्याचा पाठ छापला जातो.

जाळण्याच्या पाठाच्या बाजूने जे बोलले गेले त्यात एक भारतीय माणूस येतो. स्ट्राबोने सांगितले आहे की ऑगस्टसकडे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातील एकाने अथेन्समध्ये सर्वांसमक्ष स्वतःला जाळून घेतले. त्याचे नाव तो झार्मानोखेगास असे देतो, ज्यात अनेकांना ‘श्रमण’ शब्द ऐकू येतो, आणि गाव बार्गोसा, म्हणजे बहुधा भडोच. त्याच्या थडग्यावरील लेखात नाव, गाव आणि स्वतःला अमर केल्याची नोंद होती. प्लुटार्कच्या काळीही लोकांना ते थडगे दाखवले जाई. पौल अथेन्सहूनच करिंथला गेला. तेव्हा त्याने ते पाहिले असावे आणि देह जाळण्याचा उल्लेख तेथून आला असावा, असा तर्क एकोणिसाव्या शतकातील इंग्रज भाष्यकारांनी केला. तर्क मोहक आहे. मात्र ते थडगे पौलाने खरेच पाहिले असेल, तर जळालेला देह त्याला तेथे दिसला नसणार. दिसला असेल तो दगडावर कोरलेला लेख, आणि तो लेख ‘थ’पेक्षा ‘ख’च्या बाजूने साक्ष देतो.